ठरल्यावर कळवू नका, ठरवण्याआधी बोलवा : पृथ्वी विज्ञान मंत्रालयास ध्रुवीय संशोधकांचे खुले पत्र

प्रति,
मा. सचिव आणि ध्रुवीय विज्ञानाच्या निधीचे निर्णय घेणारे सर्व अधिकारी,
पृथ्वी विज्ञान मंत्रालय, नवी दिल्ली

महोदय,

भारताच्या ध्रुवीय कार्यक्रमात सध्या तीन मोठे निर्णय एकाच वेळी आकाराला येत आहेत. पहिला मैत्री-२ चा. अंटार्क्टिकातल्या शिर्माकर ओअॅसिसमधलं आपलं मैत्री केंद्र १९८९ पासून चालू आहे, आणि त्याच्या जागी नवं केंद्र उभारण्याचा मानस मे २०२४ मध्ये कोचीत भरलेल्या अंटार्क्टिक कराराच्या बैठकीच्या वेळी आपण जाहीर केला. दुसरा देशाच्या पहिल्या ध्रुवीय संशोधन जहाजाचा. त्यासाठी कोलकात्याच्या गार्डन रीच जहाजबांधणी कारखान्याने जून २०२५ मध्ये नॉर्वेच्या कॉन्ग्सबर्गशी सामंजस्य करार केला. तिसरा निर्णय पैशाचा आहे. या संशोधनाला पैसा देणाऱ्या मंत्रालयाच्या 'पृथ्वी' योजनेची चौकट २०२१-२६ या काळापुरती होती. आता पुढची आखायची आहे.

केंद्र आणि जहाज पुढची पंचवीस-तीस वर्षं वापरायची आहेत. म्हणूनच आमची मागणी साधी आहे. या निर्णयांवर, आणि यापुढच्या प्रत्येक हंगामावर, निधी देणारे आणि प्रत्यक्ष बर्फावर काम करणारे यांची समोरासमोर बैठक व्हावी. ती वर्षातून दोनदा, आधी जाहीर केलेल्या तारखांना व्हावी, तिचं इतिवृत्त सर्वांना वाचायला मिळावं, आणि ती निर्णय ठरण्याआधी व्हावी.

परिषदा होतात, कार्यशाळा होतात, प्रकल्पांच्या निवडीसाठी समित्यांपुढे सादरीकरणंही होतात. त्या सगळ्याची गरज आहेच. पण परिषदेत आम्ही एकमेकांना निष्कर्ष सांगतो आणि निवड समितीपुढे आम्ही उमेदवार म्हणून उभे असतो. हंगामात किती खाटा आहेत, जहाज किती दिवस मिळणार, फ्रीझरला पर्यायी वीज आहे का, गेल्या वर्षी रद्द झालेली कामं का रद्द झाली, असले प्रश्न या दोन्ही ठिकाणी विषयपत्रिकेवर नसतात. ध्रुवीय विज्ञानाचं यश मात्र याच प्रश्नांवर ठरतं.

आम्ही कोण, हेही सांगायला हवं. अंटार्क्टिका, आर्क्टिकमधला नॉर्वेचा स्वालबार्ड द्वीपसमूह, दक्षिण महासागर आणि हिमालयातल्या हिमनद्या यांवर काम करणारे संशोधक, तंत्रज्ञ आणि पीएचडीचे विद्यार्थी. आमच्यातले बरेच जण गोवा, पुणे, मुंबई-पनवेल या पट्ट्यातले आहेत, आणि ते साहजिक आहे. राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र वास्कोच्या हेडलँड सडावर आहे, मैत्रीतली भूचुंबकीय वेधशाळा पनवेलची भारतीय भूचुंबकत्व संस्था चालवते, आणि पहिली भारतीय अंटार्क्टिक मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली होती. पण हे पत्र एका प्रदेशाच्या वतीने नाही. मणिपूरच्या किंवा केरळच्या विद्यापीठातल्या, पहिलाच प्रस्ताव लिहिणाऱ्या प्राध्यापकाला या कार्यक्रमाची आतली घडी ठाऊक नसते. त्याचं नुकसान आमच्याहून जास्त होतं.

आता मुद्द्यांवर येतो.

सगळ्यात मोठी अडचण कॅलेंडरची आहे. ती नीट समजावी म्हणून एक हंगाम उलटा मोजून पाहू. अंटार्क्टिकाचं जहाज साधारण डिसेंबर-जानेवारीत केपटाऊनहून सुटतं. भारतातून निघालेला कंटेनर त्याआधी केपटाऊनच्या बंदरात पोचलेला हवा. म्हणजे पेट्या ऑक्टोबरच्या सुमारास बंद व्हायला हव्यात. पेटीत जाणारं उपकरण त्याआधी शीतकक्षात उणे ३० अंशांवर काही दिवस चालवून पाहावं लागतं. केबलचं आवरण थंडीत तडकतं, एलसीडी पडदा गोठतो, बॅटरीची क्षमता निम्म्यावर येते, आणि हे दोष इथे सापडले तरच दुरुस्त होतात. म्हणून उपकरण ऑगस्टपर्यंत हातात हवं. परदेशी उपकरण ऑर्डर दिल्यापासून यायला चार ते सहा महिने, म्हणजे ऑर्डर फेब्रुवारी-मार्चमध्ये निघायला हवी. निविदेला त्याआधी दोन-तीन महिने. हिशेब असा लागतो की या वर्षअखेरच्या जहाजात चढणाऱ्या उपकरणाचं मंजुरीपत्र गेल्या वर्षीच्या डिसेंबरात हातात असायला हवं.

मंजुरी जून-जुलैत आली तर काय होतं? निविदा निघते, उपकरण डिसेंबरात विमानतळावर उतरतं, आणि तोवर कंटेनर समुद्रात असतो. मग माणूस जातो पण उपकरण जात नाही, किंवा उपकरण न तपासता विमानाने केपटाऊनला पाठवलं जातं. विमानाच्या मालात लिथियम बॅटऱ्या वेगळ्या नियमांखाली येतात, त्यांच्या कागदपत्रांत एक ओळ चुकली की पेटी तिथेच थांबते. फॉर्मेलिन आणि इथेनॉलचंही तसंच. हंगाम गेला की पुढची संधी बारा महिन्यांनी. पीएचडीची फेलोशिप पाच वर्षांची असते. त्यातला एक हंगाम असा गेला की प्रबंधातलं एक प्रकरणच जातं.

यात ३१ मार्च येतो. आर्थिक वर्ष त्या दिवशी संपतं, आणि त्या सुमारास अंटार्क्टिकाचा उन्हाळी चमू एक तर जहाजावर असतो नाहीतर नुकताच परतत असतो. नमुने अजून वाटेत असतात. त्यांच्या विश्लेषणासाठी राखलेला पैसा 'न खर्चलेला' म्हणून दिसतो. ट्रेझरी सिंगल अकाउंटच्या, म्हणजे पैसा सरकारच्या खात्यातच ठेवून फक्त खर्चाची मर्यादा देण्याच्या पद्धतीत वर्षाअखेर न वापरलेली मर्यादा रद्द होते, आणि पुढच्या वर्षाचा हप्ता येईपर्यंत प्रयोगशाळेत रसायनं घ्यायला पैसे नसतात. पैसा ठरल्या कामी खर्च झाला याच्या उपयोगिता प्रमाणपत्रावर सही करणारा प्रमुख संशोधक जर हिवाळी चमूत असेल तर तो चौदा-पंधरा महिने देशाबाहेर आहे. अर्थ खात्याचे नियम आपण एकट्याने बदलू शकत नाही, हे आम्हांला कळतं. पण ध्रुवीय प्रकल्पाचा खर्च वर्षाच्या कोणत्या महिन्यात होतो, याचा तक्ता आमच्याकडून घेऊन हप्ते त्याप्रमाणे पाडणं आपल्या हातात आहे, आणि सहप्रमुखाला सहीचा अधिकार देणंही. याच कारणासाठी योजनेची मंजुरी वेळेवर होणं महत्त्वाचं आहे. 'पृथ्वी' योजना २०२१ ते २६ साठी होती, ४,७९७ कोटी रुपयांची होती, आणि तिला मंत्रिमंडळाची मंजुरी जानेवारी २०२४ मध्ये मिळाली. पाच वर्षांच्या चौकटीतली पावणेतीन वर्षं तोवर उलटली होती. पुढच्या चौकटीत हे पुन्हा होऊ नये.

दुसरा मुद्दा खाटांचा. बाहेरच्या माणसाला वाटतं की ध्रुवीय संशोधन पैशाने अडतं. बहुतेकदा ते खाटेने अडतं. हिवाळ्यात मैत्रीत जेमतेम पंचवीस जण राहू शकतात. अंटार्क्टिकातलं आपलं दुसरं केंद्र, लार्समन हिल्समधलं, १३४ कंटेनर जोडून बांधलेलं भारती २०१२ मध्ये सुरू झालं. तिथे सोयी जास्त आहेत, पण दोन केंद्रांमध्ये सुमारे ३,००० किलोमीटर अंतर आहे, त्यामुळे एकीकडची रिकामी खाट दुसरीकडे उपयोगाची नाही. या खाटांतून जनरेटर चालवणारे, वाहनं सांभाळणारे, डॉक्टर, स्वयंपाकी, संदेशवहन पाहणारे वजा करा. ती माणसं नसतील तर केंद्रच चालणार नाही. उरलेल्या खाटांत देशभराचं विज्ञान बसवायचं आहे.

ही वाटणी कोणत्या निकषांवर होते, ते जाहीर असायला हवं. आपल्या व्यवस्थेत एकच संस्था मोहिमा चालवते, केंद्रांची देखभाल करते आणि स्वतःचं संशोधनही करते. छोट्या कार्यक्रमात अशी रचना असणं समजण्यासारखं आहे आणि आम्ही कोणाच्या हेतूवर शंका घेत नाही. उलट, वाटणीचे आकडे उघडे असले तर त्या संस्थेतल्या सहकाऱ्यांवरचा उगीचचा संशयही जाईल.

खाटांचं काय होऊ शकतं, ते अमेरिकेत दिसलं. अंटार्क्टिकातल्या त्यांच्या मॅकमर्डो केंद्रात राहण्याच्या जागा कमी पडल्या, बांधकाम लांबलं, आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाला अंटार्क्टिकातल्या फील्डवर्कला आखडता हात घ्यावा लागला. मे २०२४ मध्ये दक्षिण ध्रुवावर व्हायच्या सीएमबी-एस४ या मोठ्या दुर्बीण प्रकल्पालाही त्यांनी पुढचा पाठिंबा नाकारला. ध्रुवावरच्या जुन्या झालेल्या सोयी आधी सुधारायच्या आहेत, हे कारण दिलं. त्यांच्याकडे ध्रुवीय विभाग संशोधकांसाठी खुल्या ऑनलाइन बैठका घेतो, आणि ती चांगली प्रथा आहे. पण निर्णय झाल्यावरच्या बैठकीत अधिकाऱ्यांनी स्पष्टीकरण द्यायचं आणि संशोधकांनी ऐकायचं, एवढंच उरतं. इमारतींचं वेळापत्रक घसरतंय हे दोन हंगाम आधी मोकळेपणाने सांगितलं, तर लोक आपलं काम जुन्या नमुन्यांवर, उपग्रहाच्या माहितीवर किंवा दुसऱ्या देशाच्या केंद्रावर वळवू शकतात. मैत्री-२ बांधताना आपल्याकडेही बांधकाम करणाऱ्यांना खाटा लागणारच आहेत. त्या कोणत्या हंगामात किती जातील, हे आत्ताच सांगा.

मैत्री-२ बद्दल अजून थोडं लिहितो, कारण कागदावरच्या रेषा अजून पुसता येतात. हवेतले कण मोजणारं यंत्र जनरेटरच्या धुराच्या वाऱ्याखाली आलं तर त्याची मोजणी निरुपयोगी होते. शिर्माकरमध्ये वारा मुख्यतः पूर्व-आग्नेयेकडून येतो, म्हणून स्वच्छ हवेची खोली त्या बाजूला, मुख्य इमारतीपासून दूर, आणि तिथपर्यंत वीज-डेटाची केबल व वादळात धरून चालायचा दोर, हे सगळं पहिल्या आराखड्यात हवं. भूचुंबकीय वेधशाळेजवळ लोखंड नको आणि वाहनांची वाट नको. भूकंपमापकाचा चौथरा खडकात रोवलेला हवा, इमारतीच्या पायाशी जोडलेला नको, नाहीतर तो जनरेटरचीच थरथर नोंदवत राहतो. शिवाय जुन्या मैत्रीतल्या हवामानाच्या आणि चुंबकीय नोंदी दशकांच्या आहेत. नवी जागा आणि जुनी जागा, दोन्हीकडे किमान दोन वर्षं समांतर मोजणी झाली नाही तर मालिका तुटेल, आणि मग तापमानातला फरक हवामानाचा की जागेचा, हे कोणालाच सांगता येणार नाही. समांतर मोजणी म्हणजे जुन्या केंद्राचा काही भाग जास्त काळ चालवणं, म्हणजे इंधन, माणसं, खाटा. हा खर्च प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात पहिल्या दिवसापासून धरायचा असतो.

जहाजाचंही असंच. ध्रुवीय जहाज घेण्याला ऑक्टोबर २०१४ मध्ये सुमारे १,०५१ कोटी रुपयांची मंजुरी मिळाली होती; ते जहाज आलं नाही, आणि दशकभर आपण भाड्याच्या जहाजांवर अंटार्क्टिकाला जात राहिलो. आता काम पुढे सरकतंय याचा आम्हांला मनापासून आनंद आहे. पण जहाजाचा मांडणीचा नकाशा एकदा गोठला की नंतरचा प्रत्येक बदल महाग असतो, काही तर अशक्य. उपकरणं समुद्रात सोडणाऱ्या विंचवर वायर किती हजार मीटरची, हे आत्ता ठरतं. बर्फात काम करताना सीटीडी, म्हणजे पाण्याची क्षारता, तापमान आणि खोली मोजणारं यंत्र, जहाजाच्या पोटातून खाली सोडायला मून पूल (तळातली उघडी विहीर) हवा की नको, हे आत्ता ठरतं. पुढून येणारे बुडबुडे तळाखालून वाहत ध्वनियंत्रांवर गेले तर समुद्रतळाचा नकाशा निघत नाही, त्यामुळे सेन्सर कुठे बसवायचे तेही आत्ताच. समुद्राचं पाणी प्रयोगशाळेत आणणारी नळी कशाची? लोखंडी नळीतून आलेल्या पाण्यात लोहाचं प्रमाण मोजता येत नाही, आणि दक्षिण महासागरात वनस्पती-प्लवकांची वाढ लोहाच्या कमतरतेनेच अडते, म्हणजे तिथला हा कळीचाच प्रश्न. डेकवर किती कंटेनर-प्रयोगशाळा बसतील, त्यांना वीज आणि गोडं पाणी कुठून मिळेल? ही उत्तरं जहाजबांधणीतल्या माणसाला माहीत असणं अपेक्षित नाही. ती आम्हांला माहीत आहेत, आणि ती विचारली जावीत.

जहाजाच्या दिवसांचा हिशेबही सांगतो, कारण 'फक्त दोन दिवस कमी केले' हे वाक्य दिल्लीत किरकोळ वाटू शकतं. ४,००० मीटर खोल स्थानकावर सीटीडी सोडायचा तर मिनिटाला ६० मीटरच्या वेगाने खाली जायला सव्वा तासाच्या आतबाहेर, वर यायला तेवढाच. वर येताना पाण्याचे नमुने घेणाऱ्या चोवीस निस्किन बाटल्या बंद करायला थांबे, डेकवरची बांधाबांध. सगळं मिळून सव्वातीन ते साडेतीन तास. दोन दिवस म्हणजे अशी तेरा-चौदा स्थानकं. किंवा प्रवासात मोजायचं तर १० नॉटच्या वेगाने एक अंश अक्षांश ओलांडायला सहा तास लागतात, म्हणजे दोन दिवसांत आठ अंश. चाळिशीच्या आणि पन्नाशीच्या अक्षांशांत वादळाने एक-दोन दिवस जातातच, ते वेगळे. दिवस कापायचेच असतील तर कापा, पण कोणती स्थानकं सोडायची हे मोहिमेच्या प्रमुख शास्त्रज्ञाला निघण्याआधी ठरवू द्या. रेषेच्या मधलं स्थानक सोडलं तर चालतं. टोकाचं सोडलं तर प्रवाहाचं गणितच मांडता येत नाही.

पुढचा मुद्दा नमुन्यांच्या परतीचा, ज्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. बर्फात छिद्र पाडून काढलेला आइस कोअर, म्हणजे बर्फाचा लांब दंडगोल, साधारण एक-एक मीटरच्या तुकड्यांत, वरची बाजू कोणती याची खूण करून, प्लॅस्टिकच्या नळीत घालून थर्मोकोलच्या पेटीत येतो. तो अंटार्क्टिकातून गोव्याच्या उणे २० अंशांच्या शीतगृहापर्यंत कुठेही वितळता कामा नये. थोडासाच वितळून पुन्हा गोठला, तरी समस्थानिकांचं प्रमाण बदलतं, आणि वरून पाहिलं तर तुकडा शाबूत दिसतो. धोका समुद्रात कमी असतो. तो बंदरात असतो. रीफर, म्हणजे शीत कंटेनर जहाजातून उतरतो, सीमाशुल्काच्या कागदांसाठी थांबतो, आणि त्या वेळात तो विजेच्या खांबाला जोडलेला आहे की नाही हे बघायची जबाबदारी नेमकी कोणाची, हे कोणाच्याच नेमणूकपत्रात लिहिलेलं नसतं. वर एप्रिल-मेमधलं मुरगाव बंदर. सूक्ष्मजीवांच्या आरएनएसाठी उणे ८० अंश लागतात. नेहमीचा रीफर तेवढा थंड होत नाही. जहाजावरचा उणे ८० चा फ्रीझर जनरेटर बदलताना बंद पडला आणि रात्री कोणी पाहिलं नाही, की सकाळी आकडा पुन्हा उणे ८० दाखवतो आणि नमुने गेलेले असतात. उपाय स्वस्त आहे. प्रत्येक पेटीत आणि फ्रीझरमध्ये तापमान नोंदवणारा छोटा लॉगर, फ्रीझरला यूपीएस, गजर चालकाच्या खोलीत, आणि बंदरावर नावानिशी एक जबाबदार माणूस. एक कोअर काढायला मोहिमेचे लाखो रुपये लागतात. तो या चार गोष्टींअभावी जाऊ नये.

आर्क्टिकचा मुद्दा वेगळा, आणि थोडक्यात. स्वालबार्डच्या कॉन्ग्सफ्योर्डन खाडीत जुलै २०१४ पासून पाण्याखाली नांगरलेली 'इंडआर्क' ही आपली वेधशाळा वर्षातून एकदा वर काढून, बॅटऱ्या बदलून, सेन्सर तपासून पुन्हा सोडावी लागते. तिची माहिती यंत्रातच साठते. वर्षाची फेरी हुकली की बॅटरी संपते आणि तिथून पुढचं वर्ष कोरं राहतं. या फेरीचा पैसा नव्या प्रस्तावांशी स्पर्धेत ठेवू नये. ती देखभाल आहे, तिचा खर्च कायम धरलेला असावा. डिसेंबर २०२३ पासून स्वालबार्डमधल्या आपल्या हिमाद्री केंद्रात हिवाळ्यातही माणसं राहू लागली, हे फार चांगलं झालं. हिमाद्री ज्या वस्तीत आहे त्या नी-ओलेसुंडमध्ये सगळ्या देशांच्या केंद्रांची संयुक्त समिती ठरल्या वेळी बसते आणि प्रत्येक प्रकल्पाची नोंद सर्वांना दिसेल अशा ठिकाणी करावीच लागते. भारतही त्या व्यवस्थेत आहे. जी शिस्त आपण नॉर्वेत पाळतो ती आपल्या घरी आणायला काय हरकत आहे?

हिमालयाचं नाव अशा बैठकांत शेवटी येतं. हिमाचलातल्या स्पीतीत २०१६ मध्ये सुरू झालेल्या 'हिमांश' या संशोधन केंद्राच्या परिसरातल्या हिमनद्यांवर खांब रोवून दरवर्षी वितळ मोजली जाते. त्या पाण्यावर गावं जगतात. त्या कामाला जहाज लागत नाही म्हणून त्याची निकड कमी ठरू नये.

आता बैठकीबद्दलच. ती कशी बिघडते हेही आम्हांला ठाऊक आहे. दिवसभर सादरीकरणं होतात, चर्चेला शेवटची वीस मिनिटं उरतात, त्यात ज्येष्ठ बोलतात आणि बाकीचे विमान गाठायला निघतात. ज्याचा प्रस्ताव समोरच्या टेबलावर प्रलंबित आहे तो अवघड प्रश्न विचारत नाही, आणि त्याला दोष देता येत नाही. इतिवृत्तात 'सविस्तर चर्चा झाली' एवढंच येतं. म्हणून आमच्या मागण्या बैठकीच्या रचनेपासूनच सुरू होतात:

१. वर्षातून दोन खुल्या बैठका. एक मे-जूनमध्ये, उन्हाळी चमू परतल्यावर आणि पुढची निवड पक्की होण्याआधी. दुसरी सप्टेंबरमध्ये, पेट्या बंद होण्याआधी. एक गोव्यात, एक दिल्लीत. दोन्हींना ऑनलाइन सहभागाची सोय, आणि पीएचडीच्या विद्यार्थ्यांना व छोट्या विद्यापीठांतल्या संशोधकांना प्रवासखर्च.

२. विषयपत्रिका आणि आकडे तीन आठवडे आधी. निम्मा वेळ प्रश्नोत्तरांना. प्रश्न लेखी, नाव न देता पाठवता यावेत, आणि ते वाचून दाखवणारा निमंत्रक निधीशी संबंध नसलेला असावा.

३. बैठकीला फक्त शास्त्रज्ञ नकोत. हिवाळी चमूतला डॉक्टर, जनरेटर पाहणारा, मालाच्या याद्या करणारा, जहाजावरचा तंत्रज्ञ यांनाही बोलवा. काय मोडतं आणि का, हे त्यांना सगळ्यांत आधी कळतं.

४. पंधरा दिवसांत इतिवृत्त जाहीर. त्यात प्रत्येक मान्य कामापुढे अधिकाऱ्याचं पद आणि तारीख. जे मान्य नाही त्याचं कारण एका ओळीत. पुढची बैठक याच यादीच्या वाचनाने सुरू व्हावी.

५. प्रत्येक हंगामानंतर एक तक्ता : ठरलेले आणि झालेले प्रकल्प, केंद्रनिहाय माणूस-दिवस, पाठवलेला माल, जहाजाचे आणि हेलिकॉप्टरचे मिळालेले व वाया गेलेले तास, रद्द झालेल्या कामांची कारणं.

६. मंजुरीचं वेळापत्रक जहाजाच्या तारखेवरून उलटं आखावं, म्हणजे ज्या हंगामासाठी नवं उपकरण घ्यायचं आहे त्याची मंजुरी एक वर्ष आधी. प्रत्येक प्रकल्पातून दोन माणसांची वैद्यकीय तपासणी आणि औलीचं बर्फावर वावरण्याचं प्रशिक्षण व्हावं. तपासणीत एक जण ऐनवेळी बाद झाला की आज प्रकल्पच घरी राहतो.

७. मैत्री-२ आणि ध्रुवीय जहाज यांचे आराखडे पक्के होण्याआधी त्यांवर प्रत्येकी एक स्वतंत्र, दिवसभराची बैठक. आराखडे आम्हांला महिनाभर आधी मिळावेत आणि प्रत्येक लेखी सूचनेला लेखी उत्तर मिळावं.

यातली सातवी मागणी बाकी सगळ्यांच्या आधी पूर्ण व्हायला हवी. बाकीच्यांना एखादा हंगाम उशीर झाला तर तो हंगाम जातो. ही राहिली तर पुढची सगळी जहाजावरची वर्षं चुकीच्या जागी बसवलेल्या विंचशी झगडण्यात जातील.

या कशालाच मोठा खर्च नाही. दोन बैठकांचा वर्षाचा खर्च जहाजाच्या एका दिवसाच्या भाड्यापेक्षा कमी असेल, असा आमचा अंदाज आहे. लागतो तो वेळ, आणि आकडे उघड करायची तयारी. अंटार्क्टिकाबद्दल आता भारताचा स्वतःचा २०२२ चा कायदा आहे, आर्क्टिकबद्दल त्याच वर्षीचं धोरण आहे. नमुना कुठून, किती, कसा घेणार याचा तपशील परवान्यासाठी आम्ही देतो आणि तो दिलाच पाहिजे. तेवढाच तपशील आपल्याकडून मिळावा, अशी आमची अपेक्षा आहे.

जहाजाच्या प्रयोगशाळा आणि विंच, मैत्री-२ मधली मोजमापांची जागा, नमुन्यांची शीतसाखळी आणि हप्त्यांचं मासिक वेळापत्रक, या चार विषयांवर प्रत्येकी दोन पानांची टिपणं आम्ही तयार करत आहोत. बैठकीची तारीख कळली की त्याच्या तीन आठवडे आधी ती आपल्याकडे पोचतील, आणि त्याच दिवशी सर्वांसाठी खुली होतील. पहिली बैठक येत्या मे-जूनमध्येच व्हावी. तारीख, ठिकाण आणि विषयपत्रिका ठरवणाऱ्या अधिकाऱ्याचं पद आपण जाहीरपणे कळवावं, ही विनंती.

आपले,
अंटार्क्टिका, आर्क्टिक, दक्षिण महासागर आणि हिमालयातल्या बर्फावर काम करणारे संशोधक, तंत्रज्ञ आणि विद्यार्थी